झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण ज्या समाजाने जन्माला घातली, त्या समाजात गुरूने शिष्याला काय द्यावे, किती द्यावे आणि कोणत्या अटीवर द्यावे हा प्रश्न निव्वळ पारमार्थिक राहणे शक्यच नव्हते; मानापमान, वारसा, अधिकार आणि प्रसंगी पैसा या सर्वांचा त्यात शिरकाव व्हावयाचाच. परंतु हे ओझे आपणच तेवढे वाहिले असे नाही. बौद्ध भिक्षूंनी आणि चीनमधील ताओपंथीयांनीही ते शतकानुशतके वाहिले आहे, आणि त्यांच्या हिशेबात आणखी एक रकम जमेस धरावी लागते, ती करुणेची. ज्या दोन गृहस्थांचा वाद मी पुढे मांडणार आहे ते नात्याने एकमेकांचे व्याही. व्याह्याला तोंडावर मूर्ख म्हणता येत नाही, सबब त्यांना आपले म्हणणे बेताने आणि पुराव्यानिशी मांडावे लागते. त्यांपैकी अण्णा हे पालीचे निवृत्त अध्यापक. रावसाहेब मामलेदारीतून निवृत्त झालेले. उभी हयात सनदा, फेरफार, वारसनोंदी आणि कबुलायती यांच्या ढिगाऱ्यात घालवल्यावर त्यांनी च्वांगत्सू या ताओपंथी तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ हाती घेतला, आणि कागदावर त्यांचा जो काही विश्वास शिल्लक होता तोही उडाला.

तोंड नेहमी अण्णा फोडतात, आणि तेही वैशालीजवळच्या बेलुव गावापासून. ऐंशीव्या वर्षी, वर्षावासात, बुद्धांना मरणप्राय दुखणे आले. त्यातून ते उठून बसले तेव्हा त्यांचा सेवक-शिष्य आनंद याने मनातली गोष्ट बोलून दाखवली की, संघाविषयी काही सांगितल्याखेरीज भगवान जाणार नाहीत एवढाच आपल्याला धीर होता.

"त्यावर मिळालेले उत्तर," अण्णा म्हणाले, "धर्मांच्या इतिहासात अपूर्व आहे असे मी समजतो. आतले आणि बाहेरचे असा भेद न ठेवता आपण सर्व सांगून टाकले आहे, आचार्याची मिटलेली मूठ आपल्यापाशी नाही, आणि संघ आपल्या आधाराने चालतो असेही आपण मानीत नाही, हा त्याचा आशय. गादी नाही, वारस नाही, कानात सांगावयाचा मंत्र नाही. ज्ञान झाल्यावर हे कोणाला समजावयाचे नाही, तेव्हा न बोलणेच बरे असे ज्याला प्रथम वाटले आणि जो केवळ करुणेने बोलावयास प्रवृत्त झाला, त्याने मूठ उघडी ठेवूनच जावे हे सुसंगत नव्हे काय? आणि बोलावयाचे ठरल्यावर त्याला पहिली आठवण कोणाची झाली? आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या आपल्या दोन जुन्या गुरूंची, ज्यांचे ज्ञान अपुरे ठरवून तो निघून आला होता. दोघेही नुकतेच वारले होते. नाहीतर पहिला उपदेश सारनाथला पाच भिक्षूंना न होता शिष्याने गुरूला केला असता."

"मूठ उघडी होती हे मला कबूल," रावसाहेब म्हणाले. "तिच्यात काही होते काय, एवढीच माझी शंका."

आणि त्यांनी चाके घडवणाऱ्या सुताराची गोष्ट काढली. छी राज्याचा ह्वान राजा वर सदरेवर बसून पोथी वाचीत होता आणि खाली पिएन नावाचा सुतार चाक तासत होता. हातोडा आणि पटाशी बाजूला ठेवून सुतार वर गेला आणि त्याने विचारले की, महाराज वाचतात ते शब्द कोणाचे. प्राचीन ज्ञात्यांचे, असे उत्तर आले. ते हयात आहेत काय? नाहीत. तर मग महाराज वाचतात तो मेलेल्यांनी मागे टाकलेला चोथा आहे, असे तो धिटाईने बोलून गेला. राजा संतापला, खुलासा कर, नाहीतर प्राणास मुकशील, असा हुकूम झाला. सुताराने खुलासा केला तो आपल्या धंद्यातला: हात सावकाश चालवला की बैठक ढिली राहते, घाईने चालवला की लाकूड आत शिरत नाही, सावकाशही नव्हे आणि घाईचाही नव्हे असा जो हात, तो हातालाच ठाऊक असतो. तो मुलाला सांगता आला नाही, मुलाला उचलता आला नाही, म्हणून सत्तराव्या वर्षीही चाके स्वतःच करावी लागतात.

"बापाच्या मनात मुलाविषयी माया कमी होती असे कोण म्हणेल?" रावसाहेबांनी विचारले. "माया पुरेपूर होती, हात उघडा होता, मुलगा जवळ होता, आणि तरी देणे झाले नाही. तेव्हा 'गुरूने करुणेने दिले' या तुमच्या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. कर्म कोणते ते दाखवा."

मला स्वतःला या गोष्टीत नेहमी एक उणीव भासत आली आहे. त्या मुलाला कोणी काही विचारलेच नाही. तो बापाशेजारी किती दिवस उभा राहिला, राहिला की नाही, याविषयी च्वांगत्सू एक अक्षर बोलत नाही. आणि सुताराच्या तक्रारीचा निकाल दुसऱ्या पक्षाची जबानी न घेता लागलेला आहे हे एका मामलेदाराच्या ध्यानात येऊ नये याचे मला नवल वाटते.

अण्णांनी हाच धागा दुसऱ्या टोकाने धरला. सुताराचा आक्षेप पोथीवर आहे, गुरूवर नाही, असे सांगून ते विनयपिटकातील महावग्गाकडे वळले. नव्या भिक्षूने उपाध्यायाच्या आश्रयाने निदान पाच वर्षे राहावे, आणि उपाध्याय निदान दहा वर्षांचा भिक्षू असावा, हा तिथला नियम. या पाच वर्षांत काय शिकवावे याचा तपशील थोडका आहे. एकमेकांशी कसे वागावे याचा तपशील मात्र पानेच्या पाने भरून. शिष्याने पहाटे उठून दातवण आणि तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज असेल तर भांडे धुऊन ती पुढे ठेवावी, नंतर भांडे जपून धुऊन ठेवावे. "आणि आता गंमत पाहा," अण्णा म्हणाले, "शिष्य आजारी पडला की हीच यादी, दातवणापासून पेजेपर्यंत, जशीच्या तशी उलट फिरते, आणि सर्व कामे उपाध्यायाने शिष्याची करावयाची. उपाध्यायाने शिष्याला पुत्र मानावे, शिष्याने उपाध्यायाला पिता मानावे, हे वाक्य आपल्याकडे शोभेसाठी पुष्कळांनी लिहिले असेल. पेजेचे भांडे कोणी घासावयाचे इथपर्यंत ते नेऊन पोहोचवणारे दुसरे शास्त्र मला माहीत नाही."

मग त्यांनी अतिसाराने पडलेल्या भिक्षूचा प्रसंग सांगितला. आनंदाबरोबर विहारात हिंडत असता बुद्धांना एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात लोळत पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे विचारता त्याने सांगितले की, मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून माझ्याही कोणी उपयोगी पडत नाही. आनंदाने पाणी आणले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले. त्यानंतर संघाला बोलावून बुद्धांनी बजावले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? आणि लगेच कामाची वाटणी लावून दिली: उपाध्याय असेल तर त्याने बरे होईपर्यंत पाहावे, नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने. "रावसाहेब, तुम्ही कर्म विचारलेत. हे घ्या कर्म. ते सांगता येत नाही हे मला मान्य आहे. ते करता येते, आणि शेजारी उभे राहून पाहता येते. आनंदाने त्या दिवशी काय घेतले असे तुम्हाला वाटते?"

रावसाहेब थोडा वेळ बोलले नाहीत. पण ते हार मानणाऱ्यांपैकी नव्हेत.

"शुश्रूषेला मी नाव ठेवीत नाही. मात्र करुणा हा पदार्थ असा आहे की, करणाऱ्याला तो फार गोड लागतो, आणि ज्याच्यावर होतो त्याला काय लागतो हे विचारावयाचे राहून जाते. लू राज्याच्या वेशीबाहेर एक समुद्रपक्षी येऊन उतरला, तेव्हा तिथल्या अधिपतीने त्याला पूर्वजांच्या मंदिरात नेऊन मद्य दिले, दरबारी संगीत ऐकवले, बैल, मेंढा आणि डुक्कर यांच्या मांसाची मेजवानी दिली. पक्षी भांबावून गेला. त्याने मांसाचा तुकडा उचलला नाही की मद्याचा घोट घेतला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मेला. अधिपतीची करुणा खोटी होती काय? मुळीच नव्हती, ती अधिपतीच्या मापाची होती. आणि तो दुसरा दृष्टांत: झरा आटला, मासे कोरड्यावर पडले, आणि तोंडातल्या ओलाव्याने एकमेकांना भिजवू लागले. पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत असे दृश्य. च्वांगत्सूचे म्हणणे असे की, त्यापेक्षा नद्यांत आणि सरोवरांत एकमेकांना विसरून पोहत असणे चांगले. मला असा गुरू पाहिजे की ज्याने मला पाण्यात सोडले आणि तो मला विसरला."

"विसरला, पण आधी उचलून नेले ना?" अण्णा हसून म्हणाले. "कोरड्यावर पडलेल्या माशाला सरोवराची स्तुती ऐकवून काय उपयोग? आणि पक्ष्याची गोष्ट अज्ञानाविरुद्ध आहे, करुणेविरुद्ध नाही. अतिसाराच्या रोग्याला कोणी मद्य पाजले नाही की संगीत ऐकवले नाही. पाणी दिले, कारण त्याला पाणी हवे होते. शिवाय तुमच्या लाओत्सेच्या तीन रत्नांत पहिले रत्न कोणते? मायाळूपणाच. काटकसर आणि पुढे न घुसणे ही दोन त्याच्या मागून येतात."

हे रावसाहेबांना अनपेक्षित नव्हते, आणि ताओपंथ कोरडा आहे असा समज होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच सुन-स-म्याव या वैद्याचे नाव घेतले. 682 साली वारलेला हा वैद्य ताओपंथात देवपदाला पोहोचला आहे. इसवी सन 652 च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या वैद्यकग्रंथात वैद्याच्या आचाराचे जे प्रकरण आहे, त्यात रोगी श्रीमंत की दरिद्री, आपला की परका, सुज्ञ की मूर्ख हे न पाहता प्रथम मनात महाकरुणा उत्पन्न करावी असे सांगितले आहे, आणि एक जीव वाचवण्यासाठी दुसरा जीव मारून औषध करणे त्याला मान्य नाही. अंड्याविषयी मात्र तो अडखळतो. अंडे अजून जीव झालेले नाही, तेव्हा अगदी निरुपाय झाला तर वापरावे, पण न वापरता भागवील तो श्रेष्ठ, अशी त्याची तडजोड आहे. मोठमोठ्या तत्त्वांच्या गर्दीत अंड्यापाशी थबकलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो. महाकरुणा हा शब्द त्याने बौद्धांकडून घेतला हे उघड आहे, आणि उसना घेतल्याची लाज त्याला कुठे वाटलेली दिसत नाही.

"आणखी तुमच्याच च्वांगत्सूत," अण्णांनी पुढे चालवले, "नू-यू नावाची एक म्हातारी आहे. वय झालेले, पण चेहऱ्याची कांती तान्ह्या मुलासारखी. पू-ल्यांग-यी नावाच्या बुद्धिमान माणसाला तिने शिकवले कसे? नुसते सांगून नव्हे. ती त्याची राखण करीत बसली. तीन दिवसांनी त्याच्या मनातून जग सुटले, सात दिवसांनी वस्तू सुटल्या, नऊ दिवसांनी स्वतःच्या जिवाची आस सुटली. एवढे दिवस ती तिथे बसून होती हे विसरू नका. सुताराला जे मुलासाठी जमले नाही, ते या बाईला परक्यासाठी जमले, आणि दोन्ही गोष्टी एकाच पोथीत आहेत."

इथपर्यंत अण्णांची बाजू वरचढ होती. पण कागदाचा विषय निघाला की रावसाहेब आपल्या मुलखात येतात. त्यांनी जपानचा दाखला दिला. दाइनिची नोनिन या भिक्षूने झेन मार्गाचा अभ्यास स्वतःच केला. लोक विचारू लागले की, तुझा गुरू कोण, तुझी परंपरा कोणती. तेव्हा त्याने 1189 मध्ये आपले दोन शिष्य समुद्रापलीकडे चीनला पाठवले, त्यांनी तिथल्या त-क्वांग या आचार्याकडून नोनिनच्या ज्ञानाला मान्यता, एक चीवर आणि बोधिधर्माचे चित्र आणले, आणि परंपरा कायम झाली. गुरू-शिष्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. "मुखत्यारामार्फत झालेले ज्ञानाचे हस्तांतर!" रावसाहेब म्हणाले. "माझ्या दप्तरात असे प्रकरण आले असते तर मी ते चौकशीवर ठेवले असते. ज्या मार्गाची सारी ऐट अशी की शास्त्राबाहेर, अक्षराविना, मनातून मनात, त्यानेच पुढे वंशावळीचे कागद करून त्यांवर शिक्के उठवावेत, यापरते मौजेचे काय असणार? तुमच्या बुद्धाने वारस नेमला नाही, म्हणून चिनी भिक्षूंनी त्याचा शिष्य महाकाश्यप याच्यापासून अखंड वारसांची यादीच तयार केली."

अण्णांनी ते नाकारले नाही. उलट फूल दाखवून महाकाश्यपाला धर्म दिल्याची प्रसिद्ध कथा पालीत कुठेही नाही, ती चीनमध्ये पुष्कळ उशिरा अवतरते, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. पण मग त्यांनी ताओपंथाचे दप्तर उघडले, आणि रावसाहेब आवडीने ऐकू लागले. 142 साली सिचुआनमध्ये चांग-ताओ-लिंग याला लाओत्सेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे. त्याच्यापासून निघालेल्या पंथात प्रत्येक घराने पाच मापे तांदूळ द्यावयाचे असत, म्हणून लोक त्याला तांदळाच्या नावानेच ओळखत. तिथे माणूस आजारी पडला की त्याने आपली पापे लेखी कबूल करावयाची, आणि त्या कबुलीजबाबाच्या तीन प्रती व्हावयाच्या: आकाशाच्या अधिकाऱ्याची डोंगरावर ठेवावयाची, पृथ्वीच्या अधिकाऱ्याची जमिनीत पुरावयाची, जलाच्या अधिकाऱ्याची पाण्यात बुडवावयाची. दीक्षिताला सनद मिळे, आणि तिच्यात कोणते दैवी सरदार आणि किती फौज त्याच्या तैनातीस दिली आहे याची फेहरिस्त असे. पायरी चढेल तशी तैनात वाढे. को-हुंग (283 ते 343) याचा गुरू चंग-यिन याच्यापाशी पन्नासावर शिष्य होते. सुवर्णरसायनाची गुप्त पुस्तके मिळाली ती एकट्या को-हुंगला, आणि अशी विद्या देताना रक्ताची शपथ घेण्याचा रिवाज होता. "आणि मिळाल्यावर?" अण्णांनी विचारले. "पुस्तके हाती येऊन वीस वर्षे झाली, पण रसायन करण्याइतका पैसा नाही म्हणून काही करता आले नाही, असे तो स्वतःच लिहितो. झाकली मूठ इतकी महाग पडते, रावसाहेब."

तीन प्रतींची गोष्ट रावसाहेबांना इतकी आवडली की त्यांनी ती पुन्हा सांगावयास लावली. नंतर ते गंभीर झाले. "मग नागपूरला काय झाले ते सांगा. 14 ऑक्टोबर 1956. तिथे कोणता नियम लागला?"

अण्णा त्या विषयावर जपून बोलतात. वृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले. आणि ते घेतल्यावर बाबासाहेबांनी स्वतः समोर बसलेल्या लाखो लोकांना तेच दिले, वर आपण घातलेल्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. "दहा वर्षांचा भिक्षू असल्याशिवाय उपाध्याय होता येत नाही हा नियम भिक्षु-दीक्षेचा, शरण जाण्यास तो लागू नाही, म्हणून तांत्रिक हरकत मी घेणार नाही. पण तुम्ही विचारता त्यातला खरा मुद्दा मला दिसतो. सकाळी जो शिष्य होता तो त्याच दिवशी गुरू झाला, आणि त्याने मूठ एवढी उघडली की तिथे आतला आणि बाहेरचा हा भेद उरलाच नाही. ज्यांना हजारो वर्षे 'बाहेरचे' म्हटले होते त्यांनाच तर ती उघडली होती. 6 डिसेंबरला ते गेले. दोन महिनेही झाले नव्हते. उपाध्यायाने पाच वर्षे जवळ बसून करावयाचे जे काम, ते करण्यास त्यांना आयुष्य उरले नाही. ते त्या लोकांना स्वतः, एकमेकांचे उपाध्याय होऊन करावे लागले."

"कागदावाचून झालेले हे एवढे मोठे दान मला दुसरे माहीत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वाद पुढे नेला नाही.

खरी चकमक झडली ती गुरूने शिष्याला मारावे काय या प्रश्नावर. लिन्‌ची हा चिनी आचार्य (मृत्यू 866) तरुणपणी ह्वांगपोच्या मठात असता त्याने बुद्धधर्माचे सार काय म्हणून तीनदा विचारले, आणि तिन्ही वेळा त्याला मार बसला. निराश होऊन तो मठ सोडून निघाला. ह्वांगपोने त्याला ता-यू नावाच्या दुसऱ्या आचार्याकडे धाडले. आपला काय अपराध झाला, असे लिन्‌चीने तिथे विचारले, तेव्हा ता-यू म्हणाला की, ह्वांगपोने एखाद्या आजीसारखी माया करून तुझ्यासाठी स्वतःला झिजवले, आणि तू अपराध विचारतोस? तत्क्षणी लिन्‌चीचे डोळे उघडले. रावसाहेबांना ही गोष्ट अतिशय प्रिय: गुरूने काही दिले नाही, समजूत घातली नाही, शिष्याला त्याच्याच अंगावर टाकून दिले, सुताराच्या हाताला जे ठाऊक होते ते असेच पोहोचवता येते.

अण्णा एरवी आवाज चढवीत नाहीत. "ही कथा ज्या रूपात आपण वाचतो तो ग्रंथ 1120 सालच्या आवृत्तीवरून आलेला, म्हणजे लिन्‌चीनंतर अडीचशे वर्षांचा. ते बाजूला ठेवू. पण या एका कथेच्या आडोशाने किती गुरूंनी किती शिष्यांना झोडपले असेल याचा विचार करा. मारणाऱ्याने आपला मार करुणेचा आहे असे म्हणणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट. ह्वांगपो तसे म्हणाला नाही. तो काहीच म्हणाला नाही. आजी हा शब्द तिसऱ्या माणसाने वापरला. आणि पुढे शिष्याने काय केले ते तुम्ही सोडून देता. त्याने ता-यूच्या बरगडीत ठोसे मारले, आणि परत येऊन ह्वांगपोच्या थोबाडीत दिली, आणि ह्वांगपो हसला. ज्या गुरूला शिष्याची थोबाडीत खाता येते त्यानेच हात उचलावा. इतरांसाठी विनय आहे."

आणि त्यांनी राहुलाची हकीकत सांगितली. कपिलवस्तूत बुद्धांनी आपला शिष्य सारिपुत्त याच्याकडून आपल्या मुलाला, राहुलाला, प्रव्रज्या देवविली. ज्ञान हाच वारसा, या भावनेने दिलेले ते दान, त्याच्या हेतूत कोण खोट काढील? पण बुद्धांचा म्हातारा बाप शुद्धोदन आला आणि म्हणाला की, तू गेलास तेव्हा दुःख झाले, तुझा भाऊ नंद गेला तेव्हाही झाले, राहुल गेल्यावर मात्र सोसत नाही. पुत्रप्रेम कातडी कापते आणि हाडांतून मगजापर्यंत जाते. यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये एवढा वर दे. बुद्धांनी ते मान्य करून तसा नियम केला. "सम्यक्संबुद्धाच्या करुणेलाही एका आजोबाने हद्द घालून दिली, आणि ती त्याने पाळली," अण्णा म्हणाले.

रावसाहेबांनी यावर जे सांगितले ते त्यांच्याच पक्षाला बाधक होते, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ताओपंथातील छ्वेनचेन शाखेचा संस्थापक वांग-चुंग-यांग (1113 ते 1170) हा शान्तुंगमध्ये मा-यू नावाच्या सधन गृहस्थाच्या आवारात झोपडी बांधून शंभर दिवस कोंडून घेऊन बसला, आणि ठरावीक दिवसांनी मा-यूला आणि त्याच्या पत्नीला नासपतीचे काप पाठवू लागला. काप वाढत गेले, आणि त्यांतला इशारा हा की तुम्हीही असेच वेगळे व्हा. मा-यू 1168 मध्ये घर सोडून त्याच्या मागे गेला. पत्नी सुन-पु-अर, तीन मुलांची आई, मागाहून स्वतः त्याच मार्गाला लागली आणि पंथाच्या सात सिद्धांत गणली गेली. "पंथ तिला सिद्ध म्हणतो, तो म्हणो," रावसाहेब म्हणाले. "मला त्या नासपतीच्या फोडी खटकतात. समुद्रपक्ष्याला मेजवानी घालणारा अधिपती आणि परक्याच्या घरात फळे कापून पाठवणारा हा गुरू यांत मला फारसे अंतर दिसत नाही. मुलांना कोणी विचारले होते?"

आजी ही या दोन्ही परंपरांत ऐन मोक्याला का येऊन उभी राहते, हे मला पुष्कळ दिवस उमगत नव्हते. नू-यू म्हातारी, ता-यूच्या तोंडची आजी. आणि तिसरी दोगेनच्या मठात. दोगेन (1200 ते 1253) हा जपानी भिक्षू 1223 मध्ये चीनला गेला. थ्येनथुंग मठात त्याने एक म्हातारा आचारी पाहिला: वय अडुसष्ट, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, हातात बांबूची काठी, डोक्यावर टोपी नाही, आणि तापलेल्या फरशीवर तो अळंबी वाळत घालीत होता. हे काम हाताखालच्या माणसांना का देत नाही, असे विचारता तो म्हणाला की, ती माणसे म्हणजे मी नव्हे. आणि एवढ्या उन्हात कशाला, म्हणताच त्याने उलट विचारले की, मग केव्हा. दोगेनला आपल्या गुरूकडून, रू-चिंगकडून, रीतसर परंपरा मिळाली. पण 1237 मध्ये मठातील आचाऱ्यासाठी त्याने पुस्तिका लिहिली तिच्यात हा म्हातारा आहे, आणि आचाऱ्याला आईबापांचे मन असले पाहिजे हा आग्रह आहे.

याच दोगेनचा एक शिष्य गिकाई. तो मूळचा नोनिनच्या, म्हणजे त्या मुखत्यारी परंपरेतला. हुशार, व्यवस्थापनात निष्णात, मठाचा कारभार चोख ठेवणारा. 1253 मध्ये मरणापूर्वी क्योतोला जाताना दोगेनने आपल्या एइहेइजी मठाची देखरेख त्याच्यावर सोपवली, त्याच्या सर्व गुणांची वाखाणणी केली, आणि सांगितले की, तुझ्यात एक उणे आहे, आजीचे मन तुला अजून आलेले नाही. वयाबरोबर ते येईल. परंपरा त्या वेळी त्याला दिली नाही.

हा प्रसंग अण्णांनी सांगितला तेव्हा रावसाहेबांनी एवढेच विचारले, "म्हणजे ज्ञान होते, कारभार होता, आणि तरी अर्ज नामंजूर?"

"नामंजूर नव्हे. तहकूब."

माझा कौल अण्णांच्या बाजूने आहे, आणि तो याच एका प्रकरणावरून. कागद, वंशावळ, मार, मौन, रक्ताची शपथ, यांतले काहीही गुरूची लायकी ठरवू शकत नाही हा रावसाहेबांचा मुद्दा मला पटतो. पण त्यावरून देण्यासारखे काही नाही असे ठरत नाही. गिकाईजवळ नेमके काय नव्हते हे दोगेनला स्पष्ट दिसत होते, आणि जे नाही म्हणून दिसते ते असूही शकते. 1255 मध्ये दोगेनचा वारस एजो याने गिकाईला परंपरा दिली. 1267 मध्ये तो एइहेइजीचा प्रमुख झाला, आणि 1272 मध्ये ते पद सोडून डोंगराच्या पायथ्याशी झोपडी बांधून त्याने आपल्या म्हाताऱ्या आईची सेवा केली.